मर्डर नसलेल्या केसमध्ये फाशी होते का? बातमी आली की काय काय तपासायचं

"कायद्यात फाशीची तरतूद आहे" अशी बातमी आली रे आली की आपल्या इकडे ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. एक म्हणतो आता लटकवणारच, दुसरा म्हणतो काही नाही होत राजेहो, सुटून येतील सगळे, आणि दोघांपैकी कोणीच ते कलम उघडून पाहिलेलं नसते. मी क्रिमिनल अपिलांचं काम करते, नागपुरात सिव्हिल लाइन्सला मुंबई हायकोर्टाच्या बेंचमध्ये रोजचं येणं-जाणं आहे, आणि लोकं मला सगळ्यात जास्त हेच विचारतात की मॅडम, खून नाही झाला तरी फाशी होते का. नुसतं हो म्हटलं तरी चूक आणि नुसतं नाही म्हटलं तरी चूक. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून काढलं, म्हणजे पुढच्या वेळी बातमी आली की तुम्ही स्वतःच तपासू शकाल, आणि मुख्य म्हणजे ज्या घरात असं काही घडलं आहे त्या घरच्यांना खोटी आशा देणार नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. कायद्यात फाशी लिहिलेली असणं, सेशन कोर्टाने ती सुनावणं, आणि ती शेवटपर्यंत टिकणं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बातमी बहुतेक वेळा पहिल्या नाहीतर दुसऱ्या गोष्टीची असते आणि आपण ती तिसरीची समजून वाचतो.

आधी तारीख, मग कलम

सगळ्यात पहिले गुन्हा कोणत्या तारखेला घडला ते पाहायचं. एफआयआर कधी झाली ते नाही, आरोपी कधी पकडला ते पण नाही, गुन्हा कधी घडला ते. कारण घटनेच्या कलम २०(१) प्रमाणे गुन्हा घडला त्या दिवशी कायद्यात जी शिक्षा होती त्यापेक्षा जास्त देताच येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्याआधीचा गुन्हा असेल तर जुनं आयपीसीच (भारतीय दंड संहिता) लागते, मग खटला आज का चालू असेना. बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशीचा पर्याय एप्रिल २०१८ च्या अध्यादेशाने आला, आणि पोक्सोच्या, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम ६ मध्ये फाशी आली ती १६ ऑगस्ट २०१९ पासून.

हे नुसतं पुस्तकी वाटते पण यावर शिक्षा बदलतात. छत्तीसगडच्या एका पोक्सो केसमध्ये गुन्हा मे २०१९ चा होता, खालच्या कोर्टाने सुधारित कलम लावून मरेपर्यंत जन्मठेप दिली, आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दुरुस्ती ऑगस्टची आहे, मेच्या गुन्ह्याला ती लागू नाही, म्हणून मरेपर्यंतची अट काढून नेहमीची जन्मठेप. तीन महिन्यांचा फरक, बस. फाशीच्या बाबतीत तर ही तारीख दोनदा तपासायची.

मग कलम. पेपरमध्ये कलम नंबर दिला असेल तर इंडिया कोडच्या साइटवर जाऊन मूळ मजकूर वाचा, भाषा जड आहे पण एक-दोन परिच्छेदांचंच काम असते. आता न्याय संहितेचं कलम ६५(२) घ्या, बारा वर्षांखालच्या मुलीवरचा बलात्कार. त्यात लिहिलं आहे, वीस वर्षांपेक्षा कमी नाही एवढा सश्रम कारावास, जो जन्मठेपेपर्यंत वाढू शकते, आणि इथे जन्मठेप म्हणजे उरलेलं पूर्ण नैसर्गिक आयुष्य, आणि दंड, किंवा मृत्युदंड. आता या वाक्यात बोट ठेवायचं ते "किंवा" वर. वीस वर्षांपासून फाशीपर्यंत एवढा मोठा पट्टा कायद्याने जजच्या हातात दिलेला आहे आणि बातमीत येते ते फक्त पट्ट्याचं शेवटचं टोक. हेडलाइनमध्ये "फाशी होऊ शकते" लिहिलं आणि "वीस वर्षे पण होऊ शकते" नाही लिहिलं तर ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

खून सिद्ध न होताही फाशीचा पर्याय असलेली कलमं बरीच आहेत. न्याय संहितेत ६५(२) सोडून ६६ आहे (बलात्कारामुळे मृत्यू किंवा ती बाई कायमची बेशुद्धावस्थेत जाणं), ७०(२) म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलीवरचा सामूहिक बलात्कार, ७१ म्हणजे अशा गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरणं, १४०(२) म्हणजे खंडणीसाठी अपहरण, १४७ म्हणजे देशाविरुद्ध युद्ध. बाहेरच्या कायद्यांत पोक्सोचं कलम ६ आणि अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याचं ३१अ. यातली प्रत्येक तरतूद पर्यायी आहे, सक्तीची नाही. आणि ती तशी आहे त्याच्यामागे कोर्टांनी घातलेली एक मोठी मर्यादा आहे.

"फाशीच द्यायची" असं कायदा म्हणू शकतो का

नाही म्हणू शकत, आणि हे आपल्या देशात १९८३ लाच ठरलेलं आहे. आयपीसीत ३०३ नावाचं कलम होतं, जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने खून केला तर त्याला फाशीच, दुसरा पर्यायच नाही. मिठू विरुद्ध पंजाब सरकार या केसमध्ये पाच जजांच्या घटनापीठाने ते कलम रद्द केलं, मुख्य निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचा. त्यांचं म्हणणं साधं होतं. शिक्षेवर आरोपीचं ऐकून घ्या असं कायदाच सांगते, फाशी देताना खास कारणं लिहा असंही कायदाच सांगते, मग शिक्षा आधीच ठरलेली असेल तर ऐकायचं काय आणि कारणं लिहायची कशाची? जजला फक्त शिक्का मारायला बसवलं तर ती प्रक्रिया न्याय्य राहत नाही, म्हणून घटनेच्या कलम १४ (समानता) आणि २१ (जगण्याचा हक्क) दोन्हीला धक्का. आणि लक्षात घ्या, तो खुनाचाच गुन्हा होता, तोही आधीच जन्मठेप झालेल्या माणसाचा. तिथे सक्ती चालली नाही तर खून नसलेल्या गुन्ह्यात कुठून चालणार.

हीच रेघ पुढे ओढली गेली. २०११ मध्ये मुंबई हायकोर्टासमोर एनडीपीएसचं ३१अ आलं. ठराविक मोठ्या साठ्याच्या गुन्ह्यात, म्हणजे हेरॉइन असेल तर १ किलो, कोकेन असेल तर ५०० ग्रॅम, दुसऱ्यांदा दोषी ठरला की फाशीच, असं ते कलम होतं. हायकोर्टाने ते पूर्ण रद्द नाही केलं, पण सक्ती काढली, फाशी देता येईल पण द्यावीच लागेल असं नाही असं त्याचं वाचन केलं, आणि २०१४ ला संसदेने कायद्यातच तसा बदल केला. ड्रग्जच्या केसमध्ये कोणाचा जीव गेल्याचं सिद्ध करावं लागत नाही, त्यामुळे आपल्या विषयात हा निकाल फार जवळचा आहे, आणि तो आपल्याच हायकोर्टाचा आहे हे मला विशेष वाटते. २०१२ ला सुप्रीम कोर्टाने आर्म्स ॲक्टचं २७(३) काढून टाकलं, ते पण सक्तीच्या फाशीचंच होतं.

आता हे वाचकाच्या कामाचं कसं? तर पुढच्या वेळी कुठल्या राज्याचं बिल आलं आणि नेते म्हणाले की "आम्ही फक्त फाशीच ठेवली आहे", तर तुम्हाला लगेच कळलं पाहिजे की हे मिठूच्या निकालाला जाऊन धडकते. पश्चिम बंगालच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये अपराजिता बिल पास केलं त्यात बलात्कारामुळे मृत्यू झाल्यास फक्त फाशी असा प्रस्ताव होता, तेव्हा कायद्याच्या लोकांनी पहिला प्रश्न हाच काढला. आपल्या महाराष्ट्राचं शक्ती बिल डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलं होतं, पण राष्ट्रपतींची मंजुरी नसल्यामुळे त्याचा कायदाच झाला नाही. अजूनही लोकं "शक्ती कायद्यात फाशी आहे" असे फॉरवर्ड फिरवून राहिले आहेत, बिल आणि कायदा यातला फरक पाहूनच पुढे पाठवत जा.

जीव गेला आहे का, हा प्रश्न कुठे किती महत्त्वाचा

इथे एक गोंधळ फार होतो. इंटरनेटवर वाचून काही पोट्टे येतात आणि सांगतात, मॅडम, खून नसेल तर फाशी देताच येत नाही असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. आहे, पण तो अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा. १९७७ च्या कोकर विरुद्ध जॉर्जिया केसमध्ये त्या कोर्टाने म्हटलं की प्रौढ स्त्रीवरच्या बलात्काराला, तिचा जीव गेलेला नसताना, फाशी ही गुन्ह्याच्या मानाने जास्तीची शिक्षा आहे. मग २००८ मध्ये केनेडी विरुद्ध लुइझियाना, लहान मुलीवरचा बलात्कार, तिथेही पाच विरुद्ध चार मतांनी तेच. देशद्रोह, हेरगिरी, दहशतवाद, ड्रग्जचे मोठे म्होरके हे त्यांनी बाजूला ठेवलं, बाकी एका व्यक्तीविरुद्धचा गुन्हा असेल आणि जीव गेला नसेल तर फाशी नाही अशी सरळ भिंत घातली. २०२३ ला फ्लोरिडाने या भिंतीला टक्कर द्यायलाच नवीन कायदा केला, पण निकाल उलटवणं त्यांच्या सुप्रीम कोर्टाच्याच हातात आहे.

त्या दोन निकालांमागे काय होतं ते पण समजून घ्या, कारण ते आपल्यालाही लागू पडते. अमेरिकेत १९३० नंतर बलात्कारासाठी ४५५ जणांना मृत्युदंड दिला गेला आणि त्यातले ४०५ काळे होते. एवढा आकडा पाहिल्यावर शिक्षा गुन्ह्याला मिळून राहिली होती की माणसाच्या रंगाला हे वेगळं सांगायला नको. आणि केनेडीच्या निकालात कोर्टाने दोन भीती स्पष्ट लिहिल्या. एक, आरोपी घरचाच असेल तर फाशीच्या धाकाने घरचे लोक तक्रारच करणार नाहीत. दोन, बलात्कार आणि खून दोन्हीला शिक्षा सारखीच असेल तर गुन्हेगाराला त्या मुलीला जिवंत ठेवायचं कारण उरत नाही. आपल्याकडे न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात बलात्काराला फाशी नको म्हटलं होतं, सरकारने त्याच वर्षी कायद्यात ती काही प्रकारांत आणलीच, ही गोष्ट वेगळी.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला अमेरिकन कोर्टाने लिहिलेली ती पहिली भीती, तक्रारच न होण्याची, फार खरी वाटते. बहुतेक केसेसमध्ये आरोपी ओळखीतला असते, काका, शेजारी, शिकवणीचा सर. पोरीने तोंड उघडलं तर घरातला माणूस फासावर जाईल हे तिला कोणीतरी सांगतेच, आणि मग ती गप्प बसते.

बरं, भारतात काय? भारतात सुप्रीम कोर्टाने अशी सरसकट भिंत घातलेली नाही. खून नसला की फाशी घटनाबाह्य, असं आपल्या कोर्टाने म्हटलेलं नाही, आणि कोणी तसं लिहिलं तर ते चूक आहे. आपल्याकडची मर्यादा वेगळ्या पद्धतीची आहे, ती शिक्षा ठरवताना लागते. १९८० च्या बच्चन सिंग निकालाने फाशी कायम ठेवली पण दुर्मिळातल्या दुर्मिळ केसपुरतीच, आणि तेही जन्मठेपेचा पर्याय पूर्ण बाद झाला असेल तेव्हाच. हा सगळा विचार खुनाच्या कलमावर झालेला आहे, त्यामुळे जीव न गेलेल्या केसमध्ये हा उंबरा ओलांडणं साहजिकच जास्त अवघड होते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे मुंबईची शक्ती मिल्स केस. २०१३ ला एकाच ओसाड मिलच्या आवारात दोन वेगवेगळ्या मुलींवर सामूहिक बलात्कार झाला, दोघी जिवंत राहिल्या, दोघींनी कोर्टात साक्ष दिली. तिघे आरोपी दोन्ही केसमध्ये होते म्हणून सरकारी पक्षाने तेव्हा नवीनच आलेलं ३७६ई लावलं, म्हणजे दुसऱ्यांदा दोषी, आणि एप्रिल २०१४ मध्ये सेशन कोर्टाने फाशी दिली. आता पुढचं नीट पहा. आधी या कलमालाच आव्हान दिलं गेलं, जून २०१९ मध्ये हायकोर्टाने कलम वैध ठरवलं, त्या खंडपीठात आपले नागपूरचे न्यायमूर्ती भूषण धर्माधिकारी होते. म्हणजे खून नसताना फाशीची तरतूद ठेवता येते, हे झालं एक. मग फाशी कायम करायची का यावर वेगळी सुनावणी, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायमूर्ती साधना जाधव आणि पृथ्वीराज चव्हाण यांनी फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप केली, पॅरोल नाही, फर्लो नाही. गुन्हा भयंकर आहे हे त्यांनी मान्य केलं, पण लोकांच्या संतापावर शिक्षा ठरवता येत नाही, जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, असं कारण दिलं. कलम वैध पण त्या केसमध्ये फाशी नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकते, आणि हेच आपल्या लोकांना समजावणं सगळ्यात कठीण जाते.

मंदसौरची केस पण पाहून घ्या. २०१८ ला तिथे एका लहान मुलीवर अत्याचार झाला, ती वाचली, नवीन कायद्याखाली सेशन कोर्टाने काही आठवड्यांतच फाशी दिली, हायकोर्टाने कायम केली, आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा बाजूला ठेवून केस परत पाठवली कारण डीएनए रिपोर्ट तयार करणाऱ्या तज्ज्ञांची कोर्टात साक्षच झाली नव्हती. घाईत चालवलेला खटला असा वर्षांनी मागे येते आणि त्रास त्या पोरीच्या घरच्यांनाच होतो.

अपहरणाचं थोडक्यात सांगते. आयपीसी ३६४अ वैध असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०१५ ला विक्रम सिंग केसमध्ये सांगितलं, फाशीचा पर्याय आहे म्हणून कलम बाद होत नाही असं. पण वापरताना हात आखडताच राहतो. आपल्या नागपुरात २०१४ मध्ये खंडणीसाठी एका आठ वर्षांच्या मुलाला नेऊन मारून टाकलं होतं, अख्खं शहर हादरलं होतं, सेशन कोर्टाने फाशी दिली, नागपूर बेंचने २०१६ ला कायम केली, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती जन्मठेप केली, पंचवीस वर्षे सूट न देता. तिथे तर जीव गेला होता, तरी.

आणि १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटातल्या याकूब मेमनचं विचारता म्हणून सांगते, कारण ३० जुलै २०१५ ला आपल्याच सेंट्रल जेलमध्ये फाशी झाली आणि तेव्हापासून लोकं म्हणतात की त्याने स्वतः बॉम्ब ठेवला नव्हता म्हणजे खून नसताना फाशी झाली. ते उदाहरण इथे बसत नाही. त्याची शिक्षा टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याखाली कटासाठी होती आणि त्या कटात २५७ माणसं मेली होती. मात्र त्याच निकालात, २०१३ ला, प्रत्यक्ष बॉम्ब ठेवणाऱ्या दहा जणांची फाशी सुप्रीम कोर्टाने जन्मठेप केली होती हे फार कमी लोकांना माहीत आहे.

निकालपत्र हातात आलं की कुठून वाचायचं

शेवटून. दोषी का ठरवलं हा भाग मोठा असते, पण शिक्षेचा आदेश वेगळा असते, बहुतेक वेळा वेगळ्या तारखेचा. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर दोन्ही बाजूंचं वेगळं ऐकून घ्यावं लागते, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ प्रमाणे, आणि फाशी द्यायची तर कलम ३९३ प्रमाणे खास कारणं लिहावी लागतात. ती खास कारणं कुठे आहेत ते शोधा. "गुन्हा अमानुष आहे, समाजाचा विवेक हादरला आहे" एवढंच लिहून पान संपलं असेल तर माझ्या अनुभवात ती फाशी वर टिकायला जड जाते. २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालाने सांगून ठेवलं आहे की आरोपीचं वय, घरची परिस्थिती, मानसिक तपासणी, जेलमधलं वागणं, प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट, हे सगळं शिक्षा ठरवण्याआधी कोर्टासमोर आलं पाहिजे, आणि सुधारणेला वाव नाही हे सरकारने दाखवायचं आहे. म्हणून निकालात "जेल रिपोर्ट", "मानसिक मूल्यमापन" असे शब्द आहेत का ते पहा. दोषी ठरवलं सोमवारी आणि फाशी मंगळवारी, असं दिसलं तर तिथे खूण करून ठेवा, इतक्या घाईत हे सगळं गोळा होतच नाही.

हे किती लांब जाऊ शकते? नागपूरचीच २००८ ची एक केस आहे, त्यात चार वर्षांच्या मुलीचा बळी गेला होता. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये फाशी कायम केली, २०१७ ला पुनर्विचार फेटाळला, दयेचा अर्ज पण फेटाळला गेला, आणि तरी ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मनोजच्या निकालातली पद्धत पाळली गेली नव्हती म्हणून शिक्षेचा भाग पुन्हा ऐकायला घेतला.

कन्फर्मेशन आणि ते ऑनलाइन कसं शोधायचं

सेशन कोर्टाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येऊच शकत नाही, आरोपीने अपील केलं नाही तरी सेशन कोर्टाला कागद वर पाठवावेच लागतात. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०७. विदर्भातल्या केसेस आपल्या नागपूर बेंचकडे येतात, किमान दोन जज ऐकतात, आणि ते पुरावे पुन्हा पहिल्यापासून तपासतात. "हायकोर्टात पाठवली" ही बातमी म्हणजे कोणी पळवाट काढली असं नाही, ही कायद्यातली पायरीच आहे.

शोधायचं असं. ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा ॲपवर खटल्याचा सीएनआर नंबर टाकला, तो सोळा अंक-अक्षरांचा असते, की खालच्या कोर्टाच्या तारखा आणि आदेश दिसतात. सीएनआर नसेल तर जिल्हा निवडून केस नंबर आणि वर्ष टाका. हायकोर्टासाठी मुंबई हायकोर्टाच्या साइटवर बेंच नागपूर निवडा, केसचा प्रकार क्रिमिनल कन्फर्मेशन, त्याच्यासोबत आरोपीचं अपील पण सहसा जोडलेलं दिसते. पोक्सोच्या केसचे आदेश सगळ्यांना दिसत नाहीत, ते बरोबरच आहे, त्यासाठी खटपट करू नका.

हायकोर्टानंतर सुप्रीम कोर्ट, मग पुनर्विचार, जो फाशीच्या केसमध्ये २०१४ पासून तीन जजांसमोर खुल्या कोर्टात ऐकला जातो, मग क्युरेटिव्ह याचिका (सुप्रीम कोर्टातलीच शेवटची संधी), मग राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवल्यावर फाशीपर्यंत किमान चौदा दिवस द्यावे लागतात. आणि फाशीच्या जागी जन्मठेप झाली म्हणजे चौदा वर्षांनी बाहेर, हे पण डोक्यातून काढा. न्याय संहितेच्या ६५(२), ७०(२) सारख्या कलमांत जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत असं कायद्यातच लिहिलं आहे, आणि बाकी केसमध्ये हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्ट वीस, पंचवीस, तीस वर्षे सूट नाही असं ठरवू शकते.

त्या घरच्यांना काय सांगायचं

तुमच्या ओळखीत अशी केस असेल तर कृपा करून "फाशीच होईल, आम्ही सोडणार नाही" असं त्या मुलीच्या आईला सांगू नका. एक बाई आमच्या ऑफिसात आल्या होत्या, सेशन कोर्टाने तीस वर्षे दिली होती, आणि त्या रडून म्हणत होत्या की आम्ही हरलो ना मॅडम. तीस वर्षे सश्रम कारावास म्हणजे हरणं नाही, पण त्यांना पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली होती, आणि ते सांगणाऱ्यांपैकी तारखेला कोणीच येत नव्हतं.

त्यापेक्षा कामाच्या गोष्टी सांगा. शिक्षा कमी वाटली म्हणून पीडितेच्या घरच्यांना स्वतः अपील करता येत नाही. आरोपी सुटला, कमी गंभीर कलमात दोषी ठरला किंवा भरपाई कमी मिळाली तर करता येते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ खाली. शिक्षा वाढवून मागायचा अधिकार सरकारचा आहे, कलम ४१८, म्हणून निकाल लागल्या लागल्या सरकारी वकिलांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या, कारण अपिलाची मुदत लगेच चालू होते आणि फाइल मंत्रालयात जाऊन यायला वेळ लागते. खटला चालू असताना सरकारी वकिलाला मदत करायला स्वतःचा वकील लावता येते, कोर्टाच्या परवानगीने. पैसे नसतील तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, वकील फुकट मिळते, १५१०० वर फोन केला तरी माहिती देतात. अत्याचार झालेल्या बायका-मुलांसाठीच्या सरकारच्या मनोधैर्य योजनेची मदत पण तिथूनच होते, आणि त्यासाठी आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबावं लागत नाही, पोक्सोमध्ये कोर्ट खटला सुरू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकते. लहान मूल असेल आणि तक्रार कुठे करायची कळत नसेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा.

आणि ग्रुपवर त्या मुलीचं नाव, फोटो, शाळा, गल्ली, बापाचं नाव, काहीही टाकू नका, "न्याय द्या" लिहून पण नाही. न्याय संहितेचं ७२ आणि पोक्सोचं २३ दोन्ही लागतात. कोणी टाकलं असेल तर त्याला लगेच डिलीट करायला सांगा, ॲडमिन तुम्ही असाल तर स्वतः काढा.